चाळीस मोबाईल, एक लिंक : ‘प्रॉक्सी’ची ही वर्गणी नेमकी कशाची?

सध्या आपल्या भागातल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम ग्रुपवर एक नवा धंदा जोरात आहे. ‘सबस्क्रिप्शन घ्या, महिनाभर टेन्शन नाही’ असा मेसेज येतो. कुणी पन्नास रुपये मागतं, कुणी शंभर. पैसे पाठवले की एक लांबलचक लिंक येते. ती एका अॅपमध्ये चिकटवायची, गोल बटण दाबायचं. मोबाईलच्या वरच्या पट्टीत छोटी किल्ली दिसली की काम झालं म्हणे. मग बंद असलेली अॅप चालतात, बाहेरच्या देशातली मॅच दिसते, आणि काही जण तर छातीठोक सांगतात की रिचार्ज संपला तरी नेट चालू राहतं.

यात थोडं खरं आहे आणि बरीच थाप आहे. पण मुद्दा पन्नास रुपयांचा नाही. पन्नास रुपये तर चहा-वड्यात जातात. मुद्दा हा की ती किल्ली दिसायला लागली की आपल्या मोबाईलचं सगळं जाणं-येणं एका अशा माणसाच्या हातातून होतं, ज्याचं नाव-गाव आपल्यालाच काय, लिंक विकणाऱ्या पोरालाही माहीत नसतं.

आधी हे चालतं कसं ते बघू. मोंढ्यात आपला माल आडत्यामार्फत जातो. खरेदीदाराला आडत्याचं नाव दिसतं, आपलं दिसेलच असं नाही. प्रॉक्सी म्हणजे इंटरनेटवरचा आडत्या. आपण एखादं संकेतस्थळ उघडलं की मागणी आधी त्याच्याकडं जाते, तो पुढं पाठवतो, उत्तर आलं की आपल्याला देतो. पुढच्याला वाटतं मागणी आडत्याच्या गावाहून, म्हणजे सिंगापूरहून नाहीतर जर्मनीहून आली. म्हणून भारतात बंद असलेली वस्तू उघडते. व्हीपीएन हाही याच जातीचा प्रकार. फरक इतकाच की त्यात मोबाईल ते आडत्या हा रस्ता कुलूपबंद असतो आणि एकदोन नाही तर जवळपास सगळी अॅप त्याच रस्त्यानं जातात. अँड्रॉइडवर ही प्रॉक्सीची अॅप व्हीपीएनचीच परवानगी मागतात, म्हणून किल्ली दिसते.

मोंढ्यातल्या आडत्याकडं बाजार समितीचा परवाना असतो, पट्टी देतो, भांडण झालं तर समितीत जाता येतं. या आडत्याचं तसं काही नाही.

आता ‘सबस्क्रिप्शन’. क्लॅश, व्हीटूरेएनजी असल्या अॅपमध्ये आपण जी लिंक टाकतो ती म्हणजे एक यादी असते. कुठला सर्व्हर, कुठला पत्ता, कुठला पासवर्ड, सगळं त्यात लिहिलेलं. अॅप ती यादी पुन्हा पुन्हा आणून ताजी करू शकतं, आणि यादी कुणाच्या ताब्यात? ज्यानं लिंक बनवली त्याच्या. आज त्यात चांगला सर्व्हर असेल, उद्या त्यानं दुसराच टाकला तर आपल्या मोबाईलवर कसलीही विचारणा न होता तो येऊन बसतो. आपण पूर्वीसारखंच गोल बटण दाबत राहतो.

ही पद्धत मुळात आपली नाही. चीन आणि इराणमध्ये सरकारनं निम्मं इंटरनेट बंद ठेवलेलं असल्यानं तिथल्या लोकांनी ही अॅप आणि या याद्या वाढवल्या. तिथं एक जण बाहेरच्या देशात सर्व्हर भाड्यानं घेतो आणि घरच्यांना, मित्रांना त्याची लिंक देतो. त्यांच्यासाठी ती गरज आहे, आणि देणारा-घेणारा एकमेकांना ओळखतात. आपल्याकडं तीच वस्तू आली, पण ओळख गळून पडली. वरचा कुणीतरी १०० जीबीची लिंक विकतो, आपल्याकडचा पोरगा ती घेऊन चाळीस जणांना वाटतो. लिंक हाच पासवर्ड असतो, त्यामुळं चाळिसातल्या एकानं ती मेव्हण्याला पाठवली की एक्केचाळीस होतात. मग पंधरा तारखेलाच कोटा संपतो आणि ग्रुपवर बोंबाबोंब. सामाईक विहिरीवर निदान पाळी ठरलेली असते आणि सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला असतो.

रिचार्ज न करता नेट चालण्याची गोष्टही इथंच मिटवू. काही वर्षांपूर्वी इंजेक्टर नावाच्या अॅपच्या फायली अशाच फिरायच्या. सिम कंपन्यांची काही पानं, म्हणजे रिचार्जचं पान वगैरे, पैसे नसतानाही उघडतात. आपली मागणी त्या पानाचीच आहे असं भासवून प्रॉक्सीनं बाकीचं नेट चोरायचं, अशी ती युक्ती. कंपनीनं भोक बुजवलं की फाईल बंद. म्हणून दर चार दिवसांनी ‘नवीन फाईल आली’ असा मेसेज यायचा. आता कुणी महिनाभराची हमी देऊन हे विकत असेल तर तो थाप मारतोय, आणि चाललंच तर ती सरळ चोरी आहे, आपल्या नावाच्या सिमवरून केलेली. रिचार्ज असताना प्रॉक्सी लावली तर दिवसाचा दीड-दोन जीबी वाचत नाही. उलट थोडा जास्तच जातो, कारण आडत्याचं पॅकिंग वाढतं. माल सिंगापूरला जाऊन परत येणार म्हणून वेगही कमी होतो.

आंदोलनाच्या वेळी नेट बंद झालं की या लिंकची मागणी एकदम वाढते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेट काही तास बंद केलं होतं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. सांगायचं ते एवढंच की टॉवरवरून नेटच बंद असेल तर जगातली कुठलीही प्रॉक्सी चालत नाही. रस्ताच नांगरून टाकल्यावर आडत्याची गाडी येणार कुठून? प्रॉक्सीचा उपयोग नेट चालू असून ठराविक अॅप किंवा साइट बंद असेल तेव्हाच. जम्मू-काश्मीरमध्ये २०२० मध्ये असं झालं. नेट परत सुरू केलं ते फक्त ठरवून दिलेल्या संकेतस्थळांपुरतं, लोक व्हीपीएन लावू लागले, तर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. २०२५ मध्ये जम्मूतल्या डोडा जिल्हा प्रशासनानं तर व्हीपीएन वापरावरच बंदीचा आदेश काढला. एरवी भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. पण असा आदेश तुम्ही आहात त्या जिल्ह्यात लागू असेल तर तो मोडणं हा गुन्हा ठरतो. ट्रकवर किंवा फौजेत असलेल्या आपल्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.

गुन्हा नाही म्हणजे सगळं मोकळं असंही नाही. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेला आयपी पत्ता, वापराचा हेतू ही नोंद पाच वर्षं ठेवायची. सप्टेंबर २०२२ पासून ते व्हीपीएनवाल्यांना लागू झालं. नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क या मोठ्या कंपन्यांनी नोंदी ठेवायच्या नाहीत म्हणून भारतातले सर्व्हरच काढून घेतले. नियम योग्य की अयोग्य यावर दोन मतं आहेत, आणि माणसाच्या खाजगीपणाचा प्रश्न मलाही खोटा वाटत नाही. पण बघा, जगातल्या नावाजलेल्या कंपन्यांना जिथं नोंदवही ठेव म्हणून सांगितलं जातंय, तिथं पन्नास रुपये घेणाऱ्या पोराकडं साधी वहीसुद्धा नाही. काही उलटसुलट घडलं तर पोलिसांना सापडणारं नाव एकच, पैसे ज्याच्या खात्यावर आले त्याचं.

आणि या पोरांना सांगायलाच पाहिजे अशी एक गोष्ट आहे. यातल्या बऱ्याच लिंक सट्ट्याच्या आणि पैशाच्या गेमच्या जाहिरातीसोबत येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण असा गेम पुरवणाऱ्याला, आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्यालाही, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. ‘ही लिंक टाका, अॅप चालू होईल’ असा मेसेज चार ग्रुपवर टाकणाऱ्या बारावीच्या पोराला आपण जाहिरात करतोय हे कळतही नसेल. त्याच्या बापाचं वावर विकलं तरी ५० लाख यायचे नाहीत.

आता लोक नेहमी विचारतात तो प्रश्न. आपले पैसे जातील का? ओटीपी दिसेल का?

खरं सांगायचं तर नुसत्या प्रॉक्सीनं ओटीपी जात नाही. बँकेचं अॅप, यूपीआय, व्हॉट्सअॅप यांचा मजकूर मोबाईलमधून निघतानाच बंद पाकिटात निघतो. मधल्या आडत्याला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही. तुम्ही कुठल्या बँकेत, कुठल्या वेळी, किती वेळा गेलात हे त्याला कळतं. पण पाकीट फोडायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही आपणच उघडून देतो. पहिली, लिंकसोबत ‘हे सर्टिफिकेट पण टाका’ म्हणून सांगतात ती. ते टाकलं की आडत्याला पाकिटं उघडून परत चिकटवायची सोय होते, निदान ब्राउझरमधली. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ असतं. तिथं ‘युजर’च्या रकान्यात तुम्ही किंवा तुमच्या ऑफिसनं न टाकलेलं काही दिसलं तर काढून टाका.

दुसरी वाट जास्त वाईट, आणि नुकसान बहुतेक इथंच होतं. अॅप प्ले स्टोअरवरून न घेता ग्रुपवर आलेली एपीके फाईल टाकायची. ‘यात जाहिराती नाहीत, प्रीमियम मोफत आहे’ असं सांगतात. पीएम किसानच्या आणि आरटीओ चलनाच्या नावानं आलेल्या एपीकेनं देशभर कितीतरी लोकांची खाती रिकामी झाली, तोच हा रस्ता. असल्या अॅपनं एसएमएस वाचायची किंवा ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली की समजायचं. प्रॉक्सी चालवायला या दोन्हीची काहीएक गरज नसते.

पैशापेक्षाही मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपण समजतो की आपण दुसऱ्याचा पत्ता वापरतोय. पण बऱ्याचदा दुसरा आपला पत्ता वापरत असतो. फुकटातल्या व्हीपीएनला पैसा कुठून मिळतो? होला नावाचं फुकट व्हीपीएन होतं. ते आपल्याच वापरणाऱ्यांचं नेट दुसऱ्या कंपनीमार्फत विकतं हे २०१५ मध्ये उघड झालं. मार्च २०२४ मध्ये ह्युमन सिक्युरिटी या कंपनीच्या अभ्यासकांनी प्ले स्टोअरवरची २८ अॅप दाखवून दिली, त्यातली १७ मोफत व्हीपीएन म्हणून मिरवत होती. मोबाईलमध्ये घुसून ती त्या मोबाईललाच प्रॉक्सी बनवत. म्हणजे कुठल्यातरी परक्या माणसाचं जाणं-येणं तुमच्या सिमवरून. गुगलनं ती अॅप काढली. त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी ‘९११ एस-५’ नावाचं जाळं तोडलं. फुकट व्हीपीएन टाकलेल्या संगणकांचं ते जाळं होतं, जवळपास दोनशे देशांत पसरलेलं, १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्त्यांचं. गुन्हेगार हे पत्ते भाड्यानं घ्यायचे आणि कोरोनाच्या मदतनिधीवर खोटे दावे ठोकायचे. नुकसान सुमारे ५९० कोटी डॉलरचं. पत्ते सगळे घरात बसलेल्या साध्या माणसांचे.

बाजारात मिळणारे बिनकंपनीचे स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स याच माळेतले. ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या अशाच जाळ्याबद्दल एफबीआयनं जून २०२५ मध्ये इशारा दिला. पुढच्याच महिन्यात गुगलनं ते चालवणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेत दावा टाकला, त्यात एक कोटीहून जास्त उपकरणांचा उल्लेख आहे. ‘तुमचं उरलेलं नेट विका, घरबसल्या कमवा’ म्हणणारी अॅपही असतात. ती निदान काय करतात ते सांगून करतात. पण तुमच्या पत्त्यावरून कोण काय करतंय हे तीही तुम्हाला दाखवत नाहीत.

आपल्याकडं याचा अर्थ काय? कुठंतरी कुणाला फसवलं गेलं, पोलिसांनी आयपी पत्ता आणि वेळ काढली, सिम कंपनीला पत्र गेलं, कंपनीनं सिमधारकाचं नाव दिलं. नोटीस येते ती आजोबांच्या नावानं, कारण घरातली तीन सिमं त्यांच्याच आधारवर घेतलेली असतात. आपण काही केलं नाही हे शेवटी सिद्ध होतंही, पण तोवर सायबर ठाण्याच्या किती चकरा आणि बुडालेली किती मजुरी.

आखातात गेलेल्या पोरांचं प्रकरण वेगळं आणि जास्त नाजूक आहे. दुबई-अबुधाबीत व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाही, म्हणून घरच्यांशी बोलायला तिथं व्हीपीएन घेतात आणि पैसे वाचवायला एकच सबस्क्रिप्शन खोलीतले सहा-आठ जण मिळून वापरतात. यूएईच्या २०२१ च्या सायबर कायद्यात आयपी पत्ता लपवून गुन्हा केला किंवा गुन्हा लपवला तर कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. बायकोशी बोलणं हा गुन्हा नाही, हे खरंच. पण खोलीतल्या सहा जणांतला एक जण त्याच खात्यावरून काय बघतो, काय खेळतो, हे बाकीच्या पाचांना कुठं माहीत असतं? खातं ज्याच्या नावावर त्यानं उत्तर द्यायचं. तिथं परवानगी असलेली बॉटिमसारखी कॉलिंगची अॅप आहेत, ती थोडी महाग पडली तरी परवडतात.

मग कुणी घ्यायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. बसस्थानकावरचं फुकट वायफाय वापरताना किंवा बाहेरगावी शिकणाऱ्या पोराच्या हॉस्टेलात चांगलं व्हीपीएन कामाचं असतं. पण घ्यायचं तर नावाच्या कंपनीचं, तिच्या स्वतःच्या अॅपमधून. बऱ्याच कंपन्या एका खात्यावर पाच-दहा मोबाईल चालू देतात, तेही एका घरासाठी. सख्ख्या घरातल्यांनी मिळून घेतलं तर माणशी खर्च तसाही कमीच येतो. खातं एकाच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडंच, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर त्यानंच हातानं लॉगिन करून द्यायचं. व्हॉट्सअॅपवर पासवर्ड पाठवला की तो गावाचा झाला. खात्यात ‘डिव्हाइसेस’ची यादी असते, ती महिन्यातून एकदा बघावी. जुना मोबाईल विकला, पुतण्या वेगळा झाला, की त्याचं नाव काढून पासवर्ड बदलायचा. एखाद्याला वाईट वाटेल. वाटू द्या.

अॅपमध्ये ‘पर-अॅप’ किंवा ‘स्प्लिट टनेल’ नावाची सोय असते. तिच्यात बँक, यूपीआय आणि सरकारी अॅप प्रॉक्सीच्या बाहेर ठेवता येतात, ते पहिल्याच दिवशी करून घ्यावं. परदेशी पत्त्यावरून सरकारी संकेतस्थळं बऱ्याचदा उघडतच नाहीत आणि बँकेची काही अॅप व्हीपीएन दिसलं की अडतात. आमच्या शेजारचे एक काका दोन दिवस ‘सर्व्हर डाऊन’ म्हणत सेतू केंद्राच्या पायऱ्या झिजवत होते. मोबाईलवर नातवानं लावलेली किल्ली चालूच होती. ई-पीक पाहणीचं मात्र असं की तिथं जागा जीपीएसवरून घेतली जाते. प्रॉक्सीनं जीपीएस बदलत नाही, त्यामुळं घरी बसून वावरात असल्याचं दाखवता येईल असं कुणी सांगत असेल तर पैसे देऊ नका.

लिंक आधीच टाकून बसला असाल तर काढायला दोन मिनिटं लागतात. सेटिंगमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ किंवा ‘कनेक्शन’ मध्ये जा, तिथं व्हीपीएन आहे. काही मोबाईलवर ते ‘मोअर’खाली लपलेलं असतं. तिथं दिसणाऱ्या नावापुढं ‘ऑलवेज-ऑन’ चालू असेल तर आधी ते बंद करा, मग ‘फर्गेट’ करा. अॅप नुसतं बंद करून भागत नाही, अनइन्स्टॉल करा. तुम्ही वायफायच्या सेटिंगमध्ये हातानं प्रॉक्सी टाकली असेल तर ती वेगळी असते. त्या वायफायच्या नावावर जाऊन प्रॉक्सी ‘नन’ करावी लागते. नाहीतर किल्ली गेली तरी घरच्या वायफायवर पानं उघडत नाहीत आणि माणूस राउटर बदलून बसतो.

पैसे गेलेच असतील तर १९३० ला लगेच फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. आपल्या आधारवर किती सिमं चालू आहेत ते ‘संचार साथी’वर दिसतं, नको असलेलं सिम तिथूनच कळवता येतं. आजोबांच्या नावावरची सिमं त्यांच्याच समोर बसून एकदा मोजून घ्या.